ताबा बदलल्यावर ब्लॉक कसे पाहायचे : अमेरिकन फुटबॉलच्या नव्या पंचांसाठी

मुलगा नववीत शाळेच्या फुटबॉल संघात गेला आणि त्याच्यामागोमाग मीही न्यू जर्सीच्या मैदानांवर पोचले. आधी बाकावर बसून, मग काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा शर्ट घालून. पंच झाल्यावर पहिली दोन वर्षं मला सगळ्यात जास्त चकवलं ते एकाच क्षणानं : चेंडूचा ताबा एका संघाकडून दुसऱ्याकडे जातो तो क्षण.

पंट (हातातून सोडून लाथेनं लांब मारलेला चेंडू) झेलला जातो, किकऑफ (खेळ सुरू करणारी किक) परत आणला जातो, पास मधल्या मध्ये पळवला जातो (इंटरसेप्शन), हातातून सुटलेला चेंडू समोरचा उचलतो. एका दिशेनं धावणारी बावीस मुलं श्वास घेईपर्यंत उलटी वळतात. आडवणारा, म्हणजे ब्लॉक करणारा, पकडणारा होतो, पकडणारा आडवणारा होतो. मैदान मोकळं असतं, मुलं पूर्ण वेगात असतात आणि कोण कुठून येतंय हे निम्म्या जणांना दिसत नसतं. पाठीतले ढकल, गुडघ्याखालचे वार, न दिसणाऱ्या बाजूनं बसणारे दणके, हे सगळं इथेच जास्त होतं. आणि पंचही माणूसच असल्यामुळे त्याची नजर नेमकी इथेच चेंडूच्या मागे धावते.

पुढचं सगळं शालेय सामन्यांबद्दल आहे, म्हणजे शालेय खेळांचे नियम ठरवणाऱ्या एनएफएचएस या राष्ट्रीय संघटनेच्या नियमांप्रमाणे. टेक्सासमधले शालेय सामने कॉलेजच्या, म्हणजे एनसीएएच्या नियमांवर चालतात. तिथे राहत असाल तर यातले आकडे आणि अपवाद तिथल्या पुस्तकाशी ताडून घ्या. नजर कुठे ठेवायची हे मात्र सगळीकडे सारखंच.

१. आधी कागद आणि पिशवी

नोंदणी राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेकडे किंवा तिच्याशी जोडलेल्या पंचांच्या स्थानिक शाखेकडे होते. साधारणपणे लागतात ते कागद :

- सरकारी ओळखपत्र
- मानधनासाठी सोशल सिक्युरिटी नंबर आणि भरलेला डब्ल्यू-९ हा करासाठीचा फॉर्म
- पार्श्वभूमी तपासणीसाठी संमती (बऱ्याच राज्यांत)
- डोक्याच्या दुखापतीबद्दलच्या ऑनलाइन प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र (एनएफएचएसचा हा कोर्स मोफत आहे)
- त्या वर्षीचं नियमपुस्तक आणि पंचांची कार्यपुस्तिका

आपल्या लोकांसाठी एक सूचना इथेच देते, कारण मला ती कुणी दिली नव्हती. पंचाचं मानधन ही कमाई आहे. एच-१बी व्हिसावर असाल तर तुम्हाला फक्त तुमच्या कंपनीसाठी काम करण्याची परवानगी असते. शनिवारी सकाळी दोन तास शिट्टी वाजवून घेतलेला चेकही त्या परवानगीबाहेरचा ठरतो. ग्रीनकार्ड, नागरिकत्व किंवा स्वतंत्र वर्क परमिट असेल तर अडचण नाही. शंका असेल तर वकिलाला विचारा आणि मगच नाव नोंदवा.

पिशवीत शिट्टी, फाउल दिसला की टाकायचे पिवळे फ्लॅग (दोन ठेवा, एकाच डावात दोन फाउल दिसतात), जागेची खूण करायला टाकायची बीनबॅग (याही दोन), कितवा डाउन (प्रयत्न) चालू आहे ते लक्षात ठेवायला बोटात अडकवायचा रबरी डाउन-इंडिकेटर, नोंदीचं कार्ड, पेन्सिल, घड्याळ. पेन नको, पावसात शाई पसरते.

२. नावं आणि क्षण पक्के करा

पंटच्या किंवा किकऑफच्या डावात किक मारणारा संघ 'के' आणि घेणारा 'आर'. साध्या डावात चेंडू सुरू करणारा 'ए', समोरचा 'बी'. ताबा कितीही वेळा बदलला तरी तो डाव संपेपर्यंत ही अक्षरं बदलत नाहीत. क्रूमध्ये (पंचांच्या गटात) बोलताना 'आक्रमक', 'बचाव' असे शब्द वापरलेत की गोंधळ झालाच, कारण इंटरसेप्शननंतर आक्रमक कोण म्हणायचा? रंग आणि अक्षर सांगा : "पांढरा, आर, चोवीस नंबर."

दुसरी गोष्ट, किक कधी संपते? कुणीतरी चेंडूचा ताबा घेतला की, किंवा चेंडू डेड झाला, म्हणजे त्या डावापुरता खेळ थांबला की. आरच्या खेळाडूच्या हाताला लागून चेंडू निसटला, जमिनीवर घरंगळतोय, तर किक अजून चालूच आहे. पुढे दंड कुठून मोजायचा हे यावरच ठरतं, म्हणून पहिल्या दिवसापासून मनात ती घंटा वाजू द्या : "किक… किक… संपली."

३. कोणते ब्लॉक शोधायचे

*पाठीतला ब्लॉक, १० यार्ड.* पहिला स्पर्श समोरच्याच्या पाठीवर, हेल्मेटच्या खाली आणि कमरेच्या वर, आणि तो खेळाडू चेंडू घेऊन धावणारा नसेल, तर फाउल. यातला 'पहिला' हा शब्द अधोरेखित करा. हात खांद्याच्या बाजूला लागला आणि मग ते पोर वळल्यामुळे पाठीवर सरकला, तर फाउल नाही. मला शिकवलेली खूण सोपी आहे : ढकलणाऱ्याचे दोन्ही हात समोरच्याच्या पाठीवरच्या नंबरावर दिसले आणि तो तोंडावर पुढे गेला, तर फ्लॅग. नुसता पडलेला पाहिला, तर नाही.

याचा अपवाद नवख्यांना हमखास चुकवतो. धावणाऱ्याला पकडायला निघालेला खेळाडू वाटेतल्या आडवणाऱ्याला हातांनी पाठीवर ढकलून बाजूला सारू शकतो. म्हणजे पंटच्या परतीत आरच्या मुलानं केच्या मुलाला पाठीत ढकललं तर फाउल, पण केच्या मुलानं धावणाऱ्यापर्यंत पोचायला आरच्या मुलाला तसंच ढकललं तर नाही. इंटरसेप्शन झालं की हीच सवलत ए संघाकडे जाते. क्षणापूर्वी ज्याला ती नव्हती त्याला आता आहे.

*क्लिपिंग, १५ यार्ड.* मागून आणि कमरेवर किंवा तिच्या खाली. मागून गुडघ्यावर शरीर आदळलं तर काय होतं हे एकदा पाहिलंत की पुन्हा सांगावं लागत नाही.

*कमरेखालचा ब्लॉक, १५ यार्ड.* स्नॅपच्या, म्हणजे चेंडू मागे देऊन डाव सुरू करण्याच्या जागेभोवती ८ यार्ड रुंद आणि ६ यार्ड लांब असा चौकोन असतो, तिथे लाइनवरच्या खेळाडूंना काही अटींवर खाली ब्लॉक करता येतो. चेंडू त्या चौकोनातून बाहेर गेला की चौकोन संपला. ताबा बदलेपर्यंत तो केव्हाच संपलेला असतो. तेव्हा परतीच्या धावेत कमरेखाली ब्लॉक दिसला तर अपवाद आठवत बसू नका. चेंडू घेऊन धावणाऱ्याच्या पायात शिरणं हा टॅकल, तो वेगळा.

*न दिसणाऱ्या बाजूचा ब्लॉक, १५ यार्ड.* ब्लाइंडसाइड. हा लेख मुख्यतः याच्यासाठी लिहिते आहे. शालेय नियमांत तो २०१७ साली आला, २०१९ मध्ये एनएफएल (व्यावसायिक लीग) आणि कॉलेजनंही आपापले नियम कडक केले. ज्याला ब्लॉक बसतो त्याला येणारा दिसत नाही, त्याच्याकडे चेंडू नाही, जागा त्या चौकोनाबाहेरची आहे, टक्कर जोराची आहे आणि ती उघड्या तळहातांनी सुरू झालेली नाही, तर फाउल. खांदा, कोपर, छाती घालून दणका दिला की झालं. हात उघडे ठेवून ढकललं, किंवा नुसतं वाटेत उभं राहून अडवलं, तर चालतं.

एनएफएलमध्ये आडवणारा आपल्याच एंडझोनकडे (मैदानाच्या टोकाच्या पट्ट्याकडे) किंवा तिला समांतर जात होता का, हे पाहतात. शालेय व्याख्येत ती अट नाही, पण पंच म्हणून इशारा म्हणून ती फार कामाची. परतीच्या धावेत सगळे एका दिशेला पळत असताना एखादा मुलगा उलटा येताना दिसला, तर चेंडू सोडा आणि त्याला पाहा. पुढच्या दोन सेकंदांत काही घडणार असेल तर ते तोच घडवणार.

*फेअर कॅचची खूण केलेला.* ज्यानं हात हलवून 'मी फक्त झेलणार, धावणार नाही' अशी खूण केली, नीट किंवा चुकीची, त्याला किक संपेपर्यंत कुणालाही ब्लॉक करता येत नाही. दंड १५ यार्ड. हे सहसा असं होतं : मुलगा खूण करतो, चेंडू दुसऱ्याकडे जातो आणि हा उत्साहानं आडवायला धावतो.

*किकऑफवर केचा लवकर ब्लॉक, १० यार्ड.* चेंडू १० यार्ड गेल्याशिवाय किंवा आरनं त्याला हात लावल्याशिवाय के संघाला ब्लॉक सुरू करता येत नाही, आरनंच मधल्या पट्ट्यात येऊन आधी धडक दिली तर गोष्ट वेगळी. ऑनसाइड किकवर (आपणच परत मिळवायला मुद्दाम जवळ मारलेल्या किकवर) हे पाहा, लांब किकवर प्रश्नच येत नाही.

४. नजर कुठे ठेवायची

माझ्या दुसऱ्या हंगामातला नववीच्या मुलांचा सामना. मी लाइन जज, म्हणजे एका साइडलाइनवरची पंच. पास पळवला गेला, मुलगा चेंडू घेऊन समोरच्या साइडलाइननं सुसाट निघाला, आणि मी माझ्या बाजूनं त्याच्याकडे बघत धावत राहिले. त्या साइडलाइनवर आमचा दुसरा पंच होता, धावणारा त्याचा होता. माझ्याकडे होते मागे राहिलेले आठ-नऊ जण. मला पाठीमागून आवाज आला. वळले तेव्हा ए संघाचा एक लाइनमन जमिनीवर होता आणि त्याच्यावर बीचा मुलगा उभा होता. कसा लागला, हात उघडे होते का, काहीच पाहिलं नव्हतं. न पाहिलेल्यावर फ्लॅग टाकता येत नाही. तो मुलगा उठला, पण डोळे भांबावलेले. मी त्याला बाहेर पाठवलं, तेवढंच माझ्या हातात उरलं होतं.

(डोक्याला मार लागल्याची लक्षणं दिसली की खेळाडूला बाहेर काढणं पंचावर बंधनकारक आहे, आणि योग्य आरोग्य-तज्ज्ञानं मोकळीक दिल्याशिवाय त्याला परत येता येत नाही. प्रशिक्षक घाई करेल. करू द्या.)

पाच जणांच्या क्रूमध्ये कामाची वाटणी साधारण अशी :

पंटवर बॅक जज झेलणाऱ्याच्या बाजूला आणि खोल उभा. झेल, फेअर कॅच, किक संपल्याची जागा त्याची. रेफ्री (मुख्य पंच) किक मारणाऱ्यावर, आणि चेंडू गेल्यावरही काही क्षण त्याच्यावरच, कारण तोल सावरत असलेल्या किकरवर दणका देणं सोपं असतं. लाइन्समन आणि लाइन जज आपापल्या साइडलाइनला. अंपायर मध्यात, किक गेली की वळून परतीच्या रेषेपुढचे ब्लॉक पाहतो.

धावणारा ज्याच्या बाजूला आला तो त्याचा मालक. तुमच्या बाजूला आला नसेल तर तुम्हाला चेंडू पाहायचं काही कारण नाही. तुमचं क्षेत्र म्हणजे धावणाऱ्याच्या पुढचे १० ते १५ यार्ड, आणि तो गेला त्याच्या मागे उरलेली मंडळी. कबड्डीत सगळं मैदान चढाई करणाऱ्याकडे बघत असतं, पण रेषेवरचा पंच पायाकडेच बघतो. त्याची मान वर झाली की लॉबीतला पाय निसटलाच. तसंच.

इंटरसेप्शनवर सगळं उलटं फिरतं. जो रेफ्री मागे होता तो आता पुढे आहे, त्यानं आपल्या मागच्या गोललाइनकडे सरायचं, धावणाऱ्याशी शर्यत लावायची नाही. पण निघण्याआधी त्यानं क्वार्टरबॅककडे, म्हणजे पास टाकणाऱ्याकडे, पाहिलंच पाहिजे. पास पळवला गेल्यावर बी संघातला कुणीतरी त्याला शोधत येतो, आणि क्वार्टरबॅक बिचारा चेंडूकडे पाहत उभा असतो.

मी स्वतःला लावलेली एक सवय सांगते. ताबा बदलला की मनात म्हणायचं, "माझा नाही." धावणारा माझ्या बाजूला नसेल तर हे दोन शब्द डोकं वळवायला पुरतात.

५. फ्लॅग टाकण्याआधी

ब्लॉक सुरुवातीपासून पाहिला का? नसेल तर हात खिशातच. परतीच्या धावेत पडलेले खेळाडू ढिगानं दिसतात आणि पाठीमागून आल्यासारखे वाटणारे निम्मे ब्लॉक बाजूनं सुरू झालेले असतात. शेवटच्या क्षणी स्वतःच पाठ फिरवणारी मुलंही असतात. तिथे चूक आडवणाऱ्याची नाही.

परिणाम झाला का? धावणारा डाव्या साइडलाइनला आहे आणि उजवीकडे ४० यार्डांवर कुणी कुणाला पाठीत हलकंसं लोटलं, तर मी डाव संपल्यावर त्या मुलाला नंबरानं हाक मारून सांगते, फ्लॅग टाकत नाही. पण हे फक्त पाठीतल्या ब्लॉकपुरतं. क्लिपिंग, कमरेखालचा, ब्लाइंडसाइड, यांत चेंडू कुठे होता हे विचारायचंच नाही.

मग फ्लॅग टाका तो फाउलच्या यार्डलाइनवर. हवेत भिरकावू नका. टाकल्यावर लगेच चार गोष्टी पाठ करा : संघ आणि नंबर, कुठली यार्डलाइन, त्या क्षणी चेंडू कुणाकडे (हवेत, सुटा, की ताब्यात), आणि शिट्टीआधी की नंतर. तिसरी गोष्ट न सांगता आलेला फ्लॅग रेफ्रीला अर्धाच उपयोगी.

६. दंड कुठून मोजायचा

पंटचं उदाहरण घेऊ. केच्या ३५ वरून (केच्या गोललाइनपासून ३५ यार्डांवरून) चौथा, म्हणजे शेवटचा डाउन आणि अजून ८ यार्ड हवेत. किक आरच्या ३० वर झेलली जाते, आणि आरचा मुलगा केच्या ४५ पर्यंत परत येतो.

चेंडू हवेत असताना आरच्या ४० वर आरनं पाठीत ब्लॉक केला. हा किकदरम्यानचा फाउल. पुढचा डाव के सुरू करणार नसेल, किक लाइन (डाव जिथून सुरू झाला ती रेषा) ओलांडून गेली असेल आणि फाउल त्या रेषेच्या पलीकडे झाला असेल, तर दंड किक संपली तिथून : ३० वरून १० मागे, आरचा चेंडू २० वर. सगळी परतीची धाव वाया. हाच फाउल आरच्या २५ वर, म्हणजे किक संपण्याच्या जागेच्या मागे झाला असता, तर त्या २५ वरूनच मोजून चेंडू १५ वर. किक थेट आरच्या एंडझोनमध्ये जाऊन चेंडू तिथेच डेड झाला (टचबॅक) असेल तर मोजणी आरच्या २० पासून.

आता समजा फाउल झेलल्यानंतर, धावेदरम्यान झाला. जागा तीच, आरची ४०. ती धाव संपण्याच्या मागे आहे, म्हणून ४० वरून १० मागे, चेंडू ३० वर. आणि ब्लॉक धावणाऱ्याच्या पुढे, केच्या ४० वर झाला असेल? मग धाव संपली तिथून, केच्या ४५ वरून मोजायचं : चेंडू आरच्या ४५ वर.

एकच ब्लॉक, एकच दंड, पण चेंडू कधी २० वर, कधी ३० वर, कधी ४५ वर. म्हणून बॅक जजची बीनबॅग किक संपण्याच्या जागी पडलेली असणं इतकं महत्त्वाचं. ती विसरली तर बाकीचे चौघं हवेत मोजतात.

किकऑफला ही किक-संपण्याची सवलत लागू नाही, ती फक्त लाइनवरून सुरू झालेल्या किकसाठी. आणि बीनं स्वतःच्या १० वर पास पळवून धाव काढली, पण त्याच्या साथीदारानं त्या धावेत स्वतःच्याच एंडझोनमध्ये पाठीत ब्लॉक केला, तर दंडाची जागा एंडझोन ठरते आणि सेफ्टी होते, समोरच्याला २ गुण. क्वचित होतं, पण झालं की सगळं मैदान तुमच्याकडे बघतं.

७. दोघांचेही फाउल

इथे क्रम सगळं ठरवतो. एनं पास सुरू असताना होल्डिंग (समोरच्याला हातांनी धरून ठेवणं) केलं, बीनं पास पळवला, मग बीनं परतीत पाठीत ब्लॉक केला. बीनं चेंडू मिळवला तेव्हा त्याच्या नावावर फाउल नव्हता. तो एचा दंड नाकारून, स्वतःचा दंड भरून, चेंडू ठेवू शकतो. याला क्रूमध्ये 'हात स्वच्छ' म्हणतात. उलट, बीनं आधी होल्डिंग केलं, मग पळवला आणि नंतर एचा फाउल झाला, तर दोन्ही रद्द, डाव पुन्हा.

म्हणून पाचव्या पायरीतली तिसरी गोष्ट. "ताबा बदलण्याआधी की नंतर?" हा प्रश्न रेफ्री विचारणारच.

८. हमखास सापळे

साइडलाइनवर धावताना बाकावरचे खेळाडू आणि प्रशिक्षक पुढे सरकतात, सगळ्यांना परतीची धाव पाहायची असते. सामन्याआधीच प्रशिक्षकाला भेटून तो पट्टा मोकळा ठेवायला सांगा. धडकून पडलेला पंच एकही ब्लॉक पाहत नाही.

आवाजावर फ्लॅग टाकू नका. खांद्याच्या पॅडचा मोठा आवाज बऱ्याचदा समोरासमोरच्या नियमातल्या ब्लॉकचा असतो. मुलगा पडला आणि प्रेक्षक ओरडले म्हणूनही नाही.

शिट्टीनंतर पाच सेकंद मान खाली घालू नका. धाव संपते एका ठिकाणी आणि मुलं विखुरलेली असतात मैदानभर. राग काढायला तीच वेळ. त्या फाउलचा दंड पुढचा डाव जिथून सुरू होणार तिथून मोजला जातो, त्यामुळे शिट्टीआधीचा की नंतरचा हे स्वच्छ सांगा.

आणि टचडाउन झालं तरी मागे पडलेला फ्लॅग जाहीर करायला कचरू नका. ८० यार्डांची धाव रद्द करताना छाती धडधडते. फाउल पाहिला असेल तर तो पहिल्या यार्डवरही तितकाच फाउल होता.

९. सामना संपल्यावर

गाडीत बसण्याआधी कार्डावर प्रत्येक फ्लॅगसमोर दोन शब्द लिहा : सुरुवात पाहिली / नाही पाहिली. बऱ्याच शाळांच्या सामन्यांचं चित्रण असतं, क्रूच्या प्रमुखाला विचारलं तर मिळतं. पंट आणि इंटरसेप्शन तेवढे काढा, आणि धावणाऱ्यावर अंगठा ठेवून, त्याला झाकून पाहा. पहिल्यांदा काहीच कळत नाही, कुठे बघावं तेच सुचत नाही. चौथ्या-पाचव्या वेळी उलटा येणारा मुलगा आपोआप डोळ्यात भरायला लागतो. मग पुढच्या सामन्यासाठी नववी-दहावीच्या मुलांचेच सामने मागून घ्या, पहिल्या हंगामात तरी, आणि क्रूला सांगून ठेवा की मध्यंतरात मला फक्त परतीच्या धावांबद्दल विचारा.